करण्याचा, करण्यात आणि केलं

नागपुरात डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की वर्तमानपत्रांत एकाच घडणीचे मथळे दिसू लागतात. अनुशेष दूर करण्याची योजना. नदी शुद्ध करण्याचा प्रकल्प. प्रश्न सोडवण्याचा निर्धार. इंग्रजी कागदांत यांची जुळी भावंडं असतात: 'प्लॅन टू', 'डिसिजन टू', 'एफर्ट टू', 'कमिटमेंट टू'. आधी नाम, मग 'टू', मग क्रियापद. शाळेत हा व्याकरणाचा एक लहानसा धडा असतो. विदर्भात मात्र त्या धड्यावर लोकांचं पाणी, नोकऱ्या आणि शेती अवलंबून राहिली आहे, म्हणून त्यावर सावकाश बोलायला हवं असं मला वाटतं.

बोलणारी माणसं दोन आहेत. मावशी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली, नागपुरातच धंतोलीत राहते. भाचा मराठी दैनिकात वार्ताहर आहे, महापालिका आणि अधिवेशन सांभाळतो. दोघांचं गावावर प्रेम सारखंच आहे. भाषेबद्दल मात्र त्यांचं जमत नाही.

भाचा: मावशी, माझ्या बातम्यांतून 'निर्णय', 'आराखडा', 'प्रयत्न' ही नामं मी काढून टाकणार आहे. जे झालं ते लिहायचं. नाही झालं तर नाही झालं म्हणून लिहायचं. ही नामं म्हणजे काम न करताच काम झाल्याचं समाधान आहे.

मावशी: आणि जे अजून व्हायचं आहे, त्याचं काय करशील? गोसीखुर्द धरणाचं घे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. त्या दिवशी धरण झालं नव्हतं. मग त्या दिवसाची बातमी कोणत्या क्रियापदात लिहिणार होतास?

भाचा: 'भूमिपूजन केलं' एवढंच. पुढचं काही नाही. 'अडीच लाख हेक्टर भिजवण्याचा प्रकल्प' असं एकदा छापलं की वाचणाऱ्याला शेत भिजल्यासारखं वाटतं. मूळ अंदाज 372 कोटींचा होता, तो 18 हजार कोटींच्या पुढे गेला. एवढ्या वर्षांत ते नाम जसंच्या तसं राहिलं, 'भिजवण्याचा प्रकल्प'. भंडाऱ्याच्या, चंद्रपूरच्या शेतकऱ्याला विचार, त्याला प्रकल्प हा शब्द पाठ आहे.

मावशी: तो शेतकरी कोर्टात गेला, मोर्चात गेला, तर हातात काय घेऊन जाईल? तोच अडीच लाखांचा आकडा आणि तेच नाम. तू ते छापलं नसतंस तर बोट कशावर ठेवायचं त्यानं?

भाचा: बोट ठेवून काय मिळालं पण?

मावशी: थांब, तिथे येऊ. आधी मला माझा धडा सांगू दे, कारण तू सगळी नामं एकाच पोत्यात भरून राहिला. वर्गात मुलं एक चूक हमखास करत. 'डिफिकल्टी टू सॉल्व्ह' लिहीत. मी लाल शाईने 'डिफिकल्टी इन सॉल्व्हिंग' करायची. मुलं विचारत, बाई, 'डिफिकल्ट टू सॉल्व्ह' चालतं ना, मग डिफिकल्टीला काय झालं? प्रश्न अगदी बरोबर होता. पुस्तकात उत्तर एवढंच होतं की पाठ करा.

भाचा: आम्हीही पाठच केलं. 'ॲबिलिटी टू', 'पॉसिबिलिटी ऑफ', 'सक्सेस इन'. का, ते कोणी सांगितलं नाही.

मावशी: का ते पूर्णपणे कोणालाच सांगता येत नाही, पण निम्मं सांगता येतं, आणि ते निम्मं आपल्या मराठीत आधीपासून आहे. ऐक. सोडवण्याचा प्रयत्न. सोडवण्याची क्षमता. सोडवण्याचा निर्णय. सोडवण्याची परवानगी. आता हे बघ: सोडवण्यात अडचण. सोडवण्यात यश. सोडवण्यात आनंद. तू 'सोडवण्याचं यश' म्हणशील का?

भाचा: नाही. कानाला खटकतं.

मावशी: जिथे मराठी 'ण्यात' म्हणते तिथे इंग्रजी बहुतेक वेळा 'इन' म्हणते. अडचण, यश, रस, आनंद, ही सगळी काम हातात घेतल्यावर भेटणारी माणसं. कामाच्या आत शिरल्याशिवाय अडचण कळत नाही. प्रयत्न, निर्णय, परवानगी, इच्छा ही कामाच्या अलीकडे उभी असतात, तिथे इंग्रजी 'टू' लावते. 'टू'चं तोंड पुढे असतं.

भाचा: पण शक्यता? आपण 'येण्याची शक्यता' म्हणतो, इंग्रजीत 'पॉसिबिलिटी ऑफ'. तिथे तुझा नियम कोसळला.

मावशी: कोसळला नाही, एक खोली कमी पडली. शक्यता, धोका, भीती, सवय: मराठी यांना 'ण्याचा', 'ण्याची' लावते आणि इंग्रजी 'ऑफ' लावते. कारण यांत कोणी काही करायला निघालेलं नाही. पूर येण्याची शक्यता असते, पण पूर ठरवत नाही. निर्णय घेणारा कोणीतरी असतो, परवानगी मागणारा कोणीतरी असतो. अपवाद भरपूर आहेत, 'वे'ला दोन्ही चालतात. पण मुलाला पाठांतरापेक्षा हा प्रश्न हाती दिला तर तो जास्त वेळा बरोबर येतो: कोणी पुढे पाऊल टाकायला निघालं आहे का?

इंग्रजी कोशकार हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवत होते तेव्हा त्यांना हेच दिसलं होतं. विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ माहीत असतो, त्या शब्दामागे काय येतं ते माहीत नसतं. त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश 1942 मध्ये तोक्योत निघाला, पुढे तोच ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांचा कोश झाला, आणि 1954 मध्ये वाक्यरचनांवर त्यांचं स्वतंत्र पुस्तक आलं. त्यात क्रियापदांसारखेच नामांचेही साचे दिले होते. आपल्याकडे तर्खडकरांच्या पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या, पण तिचा भर वाक्याला वाक्य लावण्यावर होता. नामाच्या मागे काय येतं हा प्रश्न आपण नीट विचारलाच नाही, असं मावशीचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

भाचा: बरं, मानलं. पण मी व्याकरण चुकलं म्हणून तक्रार करत नाही. व्याकरण शुद्ध असूनही फसवणूक होते, ही माझी तक्रार आहे. 'कारवाई करण्यात येईल.' शुद्ध आहे ना? कोण करेल? कधी? हे 'ण्यात' तुझ्या धड्यातल्या 'ण्यात'सारखं कामाच्या आत शिरलेलं नाही.

मावशी: नाही. ते नुसतं दिसायला तसं आहे. त्यावर माझं तुझं एकमत. पण त्याहून एक मोठी फसवणूक तू स्वतः करतोस.

भाचा: मी?

मावशी: तू, आणि तुझ्या पेपरातले सगळे. उच्च न्यायालयाच्या आदेशात येतं, 'फेल्युअर टू कंप्लाय'. तुम्ही लिहिता, 'आदेशाचे पालन करण्यात अपयश'. बरोबर?

भाचा: बरोबर. मग काय लिहायचं?

मावशी: 'करण्यात अपयश' म्हटलं की मराठी माणूस काय ऐकतो? बिचाऱ्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही. आत्ताच म्हटलं ना, 'ण्यात' म्हणजे कामाच्या आत शिरलेला माणूस. परीक्षेत अपयश आलं म्हणजे परीक्षा दिली होती. आणि इंग्रजीतल्या 'फेल्युअर टू'ला प्रयत्न झाला की नाही याच्याशी देणंघेणं नाही. त्याचा साधा अर्थ इतकाच: करायला हवं होतं, केलं नाही. कोर्टाने म्हटलं 'केलं नाही', तुम्ही छापलं 'जमलं नाही'.

भाचा: ...हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मावशी: आणि उलटं बघ. विजेच्या बिलावर, बँकेच्या नोटिशीवर तोच इंग्रजी शब्दप्रयोग असतो, 'फेल्युअर टू पे'. तिथे मराठीत काय येतं? 'रक्कम न भरल्यास'. तिथे कोणी 'रक्कम भरण्यात अपयश आल्यास' लिहीत नाही. तुझ्यामाझ्या बाबतीत भाषांतर चोख होतं. कचेरीच्या बाबतीत त्याच शब्दांना दया येते.

इथे मी मध्ये बोलतो, कारण या संवादातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. 'करण्यात अपयश' हा प्रयोग आपल्या बातम्यांत, अहवालांत इतका रुळला आहे की तो वाचताना कोणाला काही वाटत नाही. त्या प्रयोगाने, न केलेल्या कामाला केलेल्या धडपडीचा मान मिळतो. ज्या गावात 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी वाहून नाग नदीकाठच्या घरांत शिरलं, त्या गावात 'काठ मोकळा करण्यात अपयश' आणि 'काठ मोकळा केला नाही' ही दोन वाक्यं एकसारखी मानता येणार नाहीत.

भाचा: मग माझंच खरं ठरलं ना? 'केलं नाही' लिहा. नाम काढा.

मावशी: ते नाम काढ. सगळी नाही. तू नाग नदीवर इतकं लिहितोस. ती नदी शहरातून सांडपाणी घेऊन निघते, कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा ते पाणी तुझ्या गोसीखुर्दच्या जलाशयात नेते. ती शुद्ध करण्याचा प्रकल्प केंद्राच्या मंजुरीपर्यंत गेला. मंजुरी हे नाम आहे. त्याला तारीख आहे, रक्कम आहे, सही आहे. आणि 'नदी शुद्ध करण्याचा निर्धार' हेही नामच आहे. त्याला काय आहे?

भाचा: टाळ्या आहेत.

मावशी: म्हणून नामांत भेद कर. करार, आदेश, मंजुरी, निर्णय: ही दिवस सांगता येणारी नामं. निर्धार, प्रयत्न, इच्छाशक्ती, कटिबद्धता: यांना दिवस नाही. पहिल्या जातीच्या नामाला तू प्रश्न विचारू शकतोस.

भाचा: तुला मी निर्णयाचंच उदाहरण देतो. विदर्भ विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. वाढवली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मंडळांचं पुनर्गठन करण्याचा निर्णय घेतला. तारीख आहे, सह्या आहेत, सगळं तुझ्या पहिल्या जातीचं. 2024 चं अधिवेशन 16 ते 21 डिसेंबरला झालं, तेव्हाही मंडळ नव्हतं. 'निर्णय घेतला' छापल्यावर लोक समजले की झालं. त्या नामाने प्रश्न सोडवला नाही, विषय बंद केला.

मावशी: विषय तुम्ही बंद केला. निर्णयाने तुम्हाला दोन वर्षांनी विचारायची तारीख दिली होती. ती डायरीत लिहून ठेवायची होती.

या जागी दोघांच्या मागे जाऊन, विदर्भ मराठी राज्यात येण्याआधी झालेला नागपूर करार पाहावा लागतो. नामं आणि क्रियापदं यांचं काय होतं, ते त्या कागदावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. 28 सप्टेंबर 1953 ला भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे यांच्यासह मुंबई, विदर्भ आणि मराठवाड्याच्या नेत्यांनी त्यावर सह्या केल्या. त्याआधी 1 ऑक्टोबर 1938 ला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने महाविदर्भाचा ठराव केला होता, 1947 मध्ये अकोला करार झाला होता. विदर्भाला आश्वासन नवीन नव्हतं. नागपूर तेव्हा राजधानीचं शहर होतं आणि ती राजधानी जाणार होती, म्हणून बदल्यात काय मिळणार ते लिहून घेतलं जात होतं.

करारात काही कलमं हाताला लागणाऱ्या गोष्टींची आहेत. उच्च न्यायालयाचं पीठ नागपुरात राहील. सरकार ठराविक काळासाठी नागपूरला येईल आणि वर्षातून किमान एक अधिवेशन इथे होईल. काही कलमं प्रमाणाची आणि लक्ष देण्याची आहेत: खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, नोकऱ्या प्रमाणात, शिक्षणातल्या जागा प्रमाणात, मागास भागाच्या विकासाकडे विशेष लक्ष. आता पाहा. खंडपीठ आहे, रोज चालतं. अधिवेशन भरतं. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनाच्या काळात ते मुंबईत झालं तेव्हा विदर्भात लगेच प्रश्न उठला, कारण कलम मोजता येत होतं: झालं की नाही झालं. 'विशेष लक्ष' मात्र कोण मोजणार? ते मोजायला तीस वर्षांनी वि. म. दांडेकरांची समिती नेमावी लागली. 1984 च्या तिच्या अहवालाने राज्याचा अनुशेष, म्हणजे विकासाची राहून गेलेली तूट, सुमारे 3,187 कोटींचा काढला, आणि त्यातला सर्वात मोठा वाटा विदर्भाचा होता. पुढे 2013 मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला. संविधानातलं 371 (2) हे कलम 1956 मधलं, त्याखालची ही विकास मंडळं 1994 मध्ये आली.

अधिवेशनाच्या कलमातही एक भोक राहिलं. 'ठराविक काळ' लिहिलं, किती ते लिहिलं नाही. म्हणून अधिवेशन भरतं, पण ते आठवड्याभराचं होऊ शकतं आणि करार मोडला असं कोणाला म्हणता येत नाही.

भाचा: बघ मावशी, तुझ्या करारानेच माझी बाजू घेतली. 'अधिवेशन होईल' हे क्रियापद पाळलं गेलं. 'लक्ष देण्याची हमी' हे नाम बुडालं.

मावशी: तू अर्धंच वाचलंस. खंडपीठ हे नाम नाही का? अधिवेशन नाही का? ती टिकली कारण त्यांना जागा होती, नागपूर. आणि वेळ होती, दरवर्षी. बुडाली ती अशी नामं, ज्यांच्यापुढे 'करण्यासाठी' लिहिलं आणि कोणी, कधीपर्यंत, किती हे सोडून दिलं. दांडेकर समितीने दुसरं काय केलं? 'विकास' या नामातून सिंचन काढलं, रस्ते काढले, शाळा, दवाखाने, विजेचे पंप वेगळे काढले आणि प्रत्येकासमोर रुपये लिहिले. 'अनुशेष' हेही नामच आहे बेटा, पण त्याने विदर्भाला बोलायला आकडा दिला. अनुशेष हा शब्द नसता तर आपण अजून 'अन्याय होतो' एवढंच म्हणत बसलो असतो.

भाचा: आणि अनुशेष भरला?

मावशी: नाही भरला. म्हणून तर भांडतो आपण. पण किती नाही भरला हे सांगता येतं.

भाचा: मला अजून पूर्ण पटलेलं नाही. तू शिक्षिका आहेस, तुला नाम वहीत राहतं याचं समाधान आहे. मी रोज लोकांना भेटतो. त्यांना 'करण्याचा'ची चीड आली आहे. इमामवाड्यातली बाई मला म्हणाली, भाऊ, ते नदी साफ करून राहिले की नाही, एवढंच सांगा. तिला योजना नको. तिला तुझ्या माझ्या बोलीतलं 'करून राहिले' पाहिजे.

मावशी: 'करून राहिले' म्हणजे आत्ता, या घडीला, डोळ्यांसमोर. पुण्याकडचे लोक त्याला हिंदीची छाया म्हणतात. म्हणू देत. त्यात कर्ता लपत नाही आणि काळही लपत नाही. त्या बाईने तुला योग्य प्रश्न विचारला. तू तो महापालिकेला त्याच शब्दांत विचारलास का?

भाचा: विचारला. 'उपाययोजना करण्याचं नियोजन प्रगतिपथावर आहे' असं उत्तर आलं.

मावशी: यात किती नामं आहेत बघ. उपाय, योजना, नियोजन, प्रगती, पथ. आणि क्रियापद एकच, 'आहे'. हे उत्तर तू बातमीत कसं दिलंस?

भाचा: जसंच्या तसं. अवतरणचिन्हात.

मावशी: अवतरण ठेव, ते त्यांचं म्हणणं आहे, तुला बदलता येत नाही. त्याच्याखाली तुझी तीन वाक्यं दे. यंत्र आलं का. कोणत्या पुलापासून कोणत्या पुलापर्यंत गाळ काढला. उरलेला कधी काढणार हे विचारलं तेव्हा तारीख दिली की नाही दिली.

भाचा: तारीख दिली नाही.

मावशी: मग तेच लिही. 'तारीख देण्यात अपयश' लिहू नको.

भाचा: 'तारीख विचारली, दिली नाही.'

मावशी: आणि विकास मंडळाचं?

भाचा: 'पुनर्गठनाचा निर्णय सप्टेंबर 2022 मध्ये घेतला. मंडळ बसवलं नाही.' पण मथळ्यात मी 'निर्णय' हा शब्द घालणार नाही, मावशी. मथळ्यात 'बसवलं नाही' एवढंच जाईल.

मावशी: मी तो मथळ्यातच घातला असता. निर्णय आधी, 'बसवलं नाही' नंतर. वाचणाऱ्याला दोन्ही एका दमात दिसू देत, तेव्हाच त्याला कळेल की कोणाला काय विचारायचं.

भाचा: मथळ्यात जागा नसते गं.

मावशी: मग छायाचित्र लहान कर.